सुरतेचे कागद सुरतेला वाचू द्या : महापौर आणि आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. महापौर आणि मा. आयुक्त,
सुरत महानगरपालिका,
मुगलीसरा, सुरत.

विषय : शहरातल्या आणि आसपासच्या जुन्या कागदपत्रांचे महापालिकेच्या ग्रंथालयामार्फत डिजिटायझेशन करून ती सर्वांना खुली करण्याबाबत.



हे पत्र मराठीत आले म्हणून नवल वाटू नये. आपल्या महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगूतूनही चालतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत सकाळच्या पाळीच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले, तर गुजरातीच्या जोडीने मराठी आणि अहिराणी कानावर पडते. आमच्यातले बहुतेक लोक ताप्तीच्या वरच्या अंगाने, खानदेशातून, सुरत-भुसावळच्या गाडीने आले आणि लूमवर लागले. त्यांची नातवंडे आता पक्की सुरती आहेत. मी याच शहरात मराठी शाळेत शिकवत आले, आता निवृत्त आहे. पत्र आपल्याला लिहिते आहे, पण ते आमच्या मराठी वाचकांनीही वाचावे अशी इच्छा आहे, कारण ज्या कामाची मागणी करते आहे त्यात त्यांचाही वाटा असायला हवा.

मागणी अशी आहे. सुरतेच्या गल्ल्यांत, जुन्या वाचनालयांत, देरासरांत, अग्यारींत, मशिदींत, व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर आणि कामगारांच्या पत्र्याच्या पेट्यांत जे जुने कागद पडून आहेत, ते महापालिकेच्या नर्मद मध्यस्थ ग्रंथालयाने माणसे आणि यंत्रे पाठवून जागच्या जागी स्कॅन करावेत. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहावेत. आणि त्यांची चित्रे इंटरनेटवर कोणालाही, नाव न नोंदवता, पैसे न देता पाहता यावीत. ग्रंथालयाने स्वतःच्या कपाटांतली पुस्तके स्कॅन करणे हे वेगळे आणि सोपे काम आहे. मी म्हणते ते काम दाराबाहेर पडून करायचे आहे.

याची घाई का, ते सांगते. आज सुरतेचा सतराव्या शतकातला इतिहास वाचायचा असेल तर सर्वांत सुरक्षित जागा सुरत नाही. डच कंपनीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वखार घातली. त्या कंपनीचे जगभरचे दप्तर अडीच कोटी पानांचे आहे, २००३ मध्ये युनेस्कोने त्याची 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत नोंद केली, आणि हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर ठेवला आहे. आता त्यातली जवळपास पन्नास लाख पाने यंत्राकडून वाचून घेऊन शब्द टाकून शोधता येतील अशी केली गेली आहेत. इंग्रजांच्या सुरत वखारीची पत्रे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि वखारीच्या रोजनिश्या मुंबईत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. कतारने ब्रिटिश लायब्ररीशी करार करून आखाताविषयीची इंग्रजी कागदपत्रे २०१४ पासून खुली केली. त्यातही सुरतेहून निघालेल्या जहाजांचा माग सापडतो. म्हणजे सुरतेविषयी परक्यांनी जे लिहिले ते घरबसल्या वाचता येते. सुरतेने स्वतःविषयी जे लिहिले त्याला ओल लागते आहे.

आम्हा मराठी माणसांना याचे मोल विशेष कळायला हवे. शाळेच्या पुस्तकात आम्हाला सुरत भेटते ती एकाच प्रसंगात : जानेवारी १६६४ आणि पुन्हा ऑक्टोबर १६७०, शिवाजी महाराजांची सुरतेवरची स्वारी. मुलांना मी तो धडा कितीदा तरी शिकवला, आणि तोही त्याच शहरात बसून. वर्गातली मुले विचारत, 'बाई, मग ते कुठल्या रस्त्याने आले?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर हाती काय असते? इंग्रज वखारीची पत्रे असतात. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज महाराजांच्या छावणीत धरला गेला होता, त्याने सुटल्यावर सांगितलेली हकिकत असते. डचांचे अहवाल असतात. पुण्याहून १९३१ मध्ये छापलेल्या 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या ग्रंथामुळे हे साहित्य मराठी अभ्यासकांच्या हाती आले, आणि त्याचे उपकार आहेतच. पण विरजी व्होरासारख्या सावकाराचा वाडा त्या दिवसांत लुटला गेला हेही आपण वाचतो ते इंग्रज आणि डचांच्या लेखणीतून. विरजीच्या पेढीच्या वह्या कुठे आहेत? त्या पेढीच्या नसतील, पण त्याच्यासारख्यांच्या, त्याच्या नंतरच्यांच्या वह्या नानपुरा, गोपीपुरा, सगरामपुरा इथल्या माळ्यांवर आजही निघतात. एका बाजूचे पान हेगला झळझळीत दिसते आणि दुसऱ्या बाजूचे सुरतेतच दिसत नाही, हे इतिहासाला धरून नाही.

कागद सर्वांसाठी खुले करण्याची कल्पना सुरतेला परकीही नाही. १६७० च्या सुमारास भीमजी पारेख नावाच्या सुरतेच्या व्यापाऱ्याने इंग्रज कंपनीकडे एका मुद्रकाची मागणी केली. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापून लोकांना उपलब्ध करावेत असा त्याचा हेतू होता, आणि त्यासाठी स्वतःचा पैसा घालायची तयारी होती. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ मध्ये आला. तो छापणारा होता, टाइप पाडणारा नव्हता. देशी अक्षरांचे खिळे त्याच्याने जमेनात. भीमजीने मग आपल्या माणसांकडून ते करवून पाहिले. त्या उद्योगाला यश लाभले नाही. आमच्या अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासात ही हकिकत नीट मांडली आहे. ज्या वर्षी आमची दुसरी स्वारी सुरतेवर आली, त्याच वर्षाच्या आसपास सुरतेचा एक व्यापारी ग्रंथ सर्वांपर्यंत पोहोचवण्याच्या खटपटीत होता, हे मला आमच्या मुलांना सांगावेसे वाटते.

आणि दुसरी हकिकत त्याहून जवळची. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत सुरतेत शिक्षक होते. इथे त्यांची गाठ सुरतेतलेच शिक्षक आणि सुधारक दुर्गाराम मेहताजींशी पडली. १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभा निघाली. जातिभेद, भूतपिशाच्च, जादूटोणा, विधवांचे हाल या सगळ्यांवर तिच्या बैठकांत उघड बोलणे होई. पुढे दादोबा मुंबईला गेले आणि तिथे परमहंस सभा उभी राहिली. महाराष्ट्रातल्या सुधारणेच्या चळवळीचा एक धागा असा सुरतेतून निघालेला आहे. हे आपल्याला कशावरून कळते? दुर्गाराम रोजच्या रोज टिपणे ठेवत. महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये मेहताजींचे चरित्र लिहिले त्यात ती टिपणे आली, म्हणून. आणि दादोबांचे आत्मचरित्र प्रियोळकरांनी १९४७ मध्ये छापले, म्हणून. दोन्ही पुस्तके दोन भाषांत, दोन राज्यांत, निरनिराळ्या कपाटांत. सुरतेतल्या त्या एकाच खोलीत झालेले संभाषण एका पडद्यावर शेजारी शेजारी वाचता आले, तर गुजराती आणि मराठी वाचक दोघेही त्यातून किती शिकतील!

गुजराती कवी नर्मदाचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. त्याच्या नावाने ग्रंथालय आहे, विद्यापीठ आहे, आमलीरानमध्ये त्याचे घर आहे. १८६६ मध्ये त्याने 'सुरतनी मुख्तेसर हकीकत' लिहिली. शहराचा इतिहास शहराच्या माणसाने लिहिला त्याचे हे पहिल्या काळातले उदाहरण. त्याच वर्षी त्याने स्वतःचे चरित्र लिहिले, त्याच्या मोजक्याच प्रती निघाल्या, आणि लोकांसाठी ते प्रसिद्ध झाले १९३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास अर्ध्या शतकाने. एखादा कागद टिकला आणि पुढे वाचला गेला, यामागे बहुतेक वेळा अशी एखादी घरात राहून गेलेली प्रत असते.

या शहरात प्रत राहून जाणे सोपे नाही. एप्रिल १८३७ मध्ये मच्छलीपीठातून आग लागली, ती पसरत गेली आणि नऊ हजारांवर घरे जळाली. त्याच वर्षी पूरही आला. मुंबईने सुरतेचा व्यापार ओढून नेला, घराणी उठली, वाडे विकले गेले, आणि वाडा विकताना माळा रिकामा करायचा असतो. पुढे १९६८ चा पूर. उकाई धरण १९७२ मध्ये पुरे झाले तेव्हा आता पुराची भीती गेली असे लोक म्हणू लागले. मग ऑगस्ट २००६ आला. धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला. आमच्याकडे तळमजल्यावर माणसाच्या डोक्याच्या वर पाणी होते.

त्या पुरानंतर एका ओळखीच्या पेढीवर मी मदतीला गेले होते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, ज्यांना इथे चोपडे म्हणतात, पायरीवर उन्हात मांडल्या होत्या. वरची वही उघडली तर पहिल्या पानावर कुंकवाने काढलेला स्वस्तिक आणि उतरत्या ओळींत लिहिलेले श्री तेवढे ओळखू येत होते. शाई पसरून पान निळसर झाले होते. पुढची पाने उघडतच नव्हती. ताप्तीचा बारीक गाळ पानांच्या मध्ये जाऊन बसला होता आणि उन्हात तो सिमेंटसारखा घट्ट झाला. शेटजींनी सुरीच्या टोकाने एक पान सोडवायचा प्रयत्न केला, ते फाटले. त्यावर संवताचा आकडा होता, कुणाकडून किती गाठी सूत आले ते होते, एका विणकराचे नाव होते, पुढे काही नाही. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली. कोणी काही चुकीचे केले नाही. चिखलाने कुजलेल्या वह्या घरात ठेवून रोगराई ओढवून घ्यायची नव्हती. १९९४ च्या प्लेगची आठवण सगळ्यांना होती. पण त्या वह्यांची चित्रे एखाद्या वर्षापूर्वी कुणी काढून ठेवली असती, तर एका गल्लीचा शंभर वर्षांचा धंदा आज वाचता आला असता.

म्हणून मी जागच्या जागी स्कॅन करण्याचा आग्रह धरते. लोक कागद द्यायला तयार नसतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. चोपड्याची दिवाळीला पूजा झालेली असते, पोथी आजोबांच्या हातची असते, आणि कागद सरकारी कचेरीत गेला की परत येत नाही असा लोकांचा अनुभव आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या घरी बसून कागद मिळवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड छापले. पहिला खंड १८९८ चा. त्यांना कागद नकलून घ्यावे लागत किंवा मागून न्यावे लागत. आपल्याला तेवढाही त्रास नाही. वरून चित्र घेणारा स्कॅनर, पुस्तकाचा कणा मोडू नये म्हणून इंग्रजी व्हीच्या आकाराचा पाळणा, दोन दिवे, एक लॅपटॉप आणि काम शिकवलेली दोन माणसे. रिक्षात मावेल एवढा हा संसार आहे. देवघरापुढे सतरंजी टाकून दिवसाला एक-दोन वह्या सहज होतात, आणि मालक समोर बसून असतो. उलट तो पाने उलटता उलटता सांगू लागतो, हा अमुक, तो तमुक, हे आमचे आजे. ते सांगणेही ध्वनिमुद्रित करून त्या चित्रांना जोडावे.

आता मराठी वस्तीकडे या. आमच्याकडे चोपडे नाहीत. आमच्याकडे पत्र्याच्या पेट्या आहेत. उधन्यातल्या एका घरी मी अशी पेटी उघडलेली पाहिली. वर लग्नपत्रिका, खाली महापालिकेच्या मराठी शाळेचा दाखला, सही-शिक्क्यासह. त्याखाली लूमखात्याचे हजेरी कार्ड, पंधरवड्याचे खाने, काही खान्यांत रात्रपाळीची खूण. स्टुडिओत काढलेला फोटो, मागे ताजमहालाचा पडदा, पुढे तिघे भाऊ, तिघांच्या अंगात एकाच कापडाचे सदरे. अमळनेरकडच्या आईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले पोस्टकार्ड, त्यात पाऊस, कापूस, आणि 'पैसे मिळाले' एवढाच मजकूर. गणेश मंडळाचा पहिला जमाखर्च, वहीच्या फाडलेल्या पानावर. या सगळ्याला कोणी ऐतिहासिक संग्रह म्हणत नाही. पण जगातल्या एका मोठ्या कृत्रिम रेशमाच्या बाजारपेठेचे कापड कुणाच्या हातांनी विणले गेले, ते लोक कसे आले, कुठे राहिले, काय कमावले आणि गावाला किती पाठवले, हे या पेट्यांइतके दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून गेली, त्यांतले कित्येक आमचेच होते. खानदेशच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर एस. आर. राव आयुक्त असताना शहराची स्वच्छता कशी बदलली, त्याचे महापालिकेचे कागद हाही आता इतिहास आहे आणि तो आपल्याच कपाटात आहे. दोन्ही बाजूंचे कागद एकत्र ठेवले तरच त्या वर्षाचा अर्थ लागेल.

अहिराणीसाठी तर ध्वनिमुद्रणाशिवाय गत्यंतर नाही. लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, कानबाईच्या उत्सवातली गाणी म्हणणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या सुनांना अर्धी येतात, नातींना येत नाहीत.

कामात सर्वांत जास्त चुकते ते पुढच्या टप्प्यावर. चित्रे निघतात, आणि त्यांच्यावर 'सुरत हिशोबवही, एकोणिसावे शतक' असे इंग्रजीत लिहून ती कुठेतरी ठेवली जातात. शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. सुरतेत तारखा एका पंचांगाने चालत नाहीत : व्यापाऱ्याचा विक्रम संवत, मराठी कागदावर शके, मशिदीच्या कागदावर हिजरी, पारशांचा यज्दगर्दी सन, आणि त्यातही शहेनशाही की कदमी हा वाद १७४६ च्या सुमारास याच शहरात उभा राहिला. प्रत्येक कागदावर त्याची मूळ तिथी आणि ईसवी सन दोन्ही लिहायला हवेत, नाहीतर शंभर वर्षांची गफलत व्हायला वेळ लागत नाही. नावे गुजराती, देवनागरी, इंग्रजी आणि जिथे गरज असेल तिथे उर्दू लिपीत द्यावीत, म्हणजे डिंडोलीतला मुलगा मराठीत 'लूम कामगार' टाकेल तेव्हा त्याच्या आजोबांचे हजेरी कार्ड त्याच्यापुढे येईल. छापील गुजराती आणि देवनागरी मजकूर आज यंत्राला चांगला वाचता येतो. हाताने लिहिलेला गुजराती-मराठी मजकूर, आणि त्यातही मोडी, अजून बहुतांशी माणसांनाच वाचावा लागेल.

मोडी इथे उपरी नाही. अठराव्या शतकात सुरतेच्या उत्पन्नातला चौथाईचा हिस्सा पेशवे आणि गायकवाड घेत, आणि त्यासाठी त्यांची माणसे शहरात असत. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी तह केला तो याच शहराच्या नावाने ओळखला जातो. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनी सुरतेवरचे आपले हक्क सोडले. सोनगडला पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे होते. नवसारी आणि व्यारा हे महाल पुढे १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होते आणि जुना कारभार मोडीत चाले. तेव्हा सोनगड, व्यारा, नवसारीच्या घरांत मोडी कागद निघाले तर तो सुरतेच्याच इतिहासाचा भाग आहे. मोडी वाचणारे निवृत्त लोक महाराष्ट्रात आहेत, तिथे मोडीचे वर्गही भरतात. इथल्या मराठी तरुणांनी ते शिकावे, आणि महापालिकेने त्यांना थोडे मानधन द्यावे.

म्हणूनच हा कार्यक्रम एका शहरापुरता न ठेवता ताप्तीच्या खोऱ्याचा करावा. नवसारीचे दस्तुर मेहेरजी राणा ग्रंथालय १८७२ पासून अवेस्ता, पहलवी आणि फारसी हस्तलिखिते सांभाळते आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून बोर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाकरवी गावोगाव वाचनालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या, त्या प्रयोगाची जमीन हीच आहे. ताप्तीच्या वरच्या अंगाला धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्ही ठिकाणी जुन्या कागदांचे आणि बाडांचे मोठे साठे आहेत. अमळनेरला प्रताप शेठांचे तत्त्वज्ञान मंदिर आहे. सुरतेत अँड्र्यूज लायब्ररी १८५० पासून आहे. 'गुजरातमित्र' १८६३ पासून निघते आहे. पूर्वीचे विंचेस्टर म्युझियम आज सरदार पटेलांच्या नावाने महापालिका चालवते. या संस्थांनी आपापला साठा आपल्याकडेच ठेवावा, आपल्या अटींवर दाखवावा, आणि नर्मद ग्रंथालयाने एक सामायिक सूची व शोधण्याची एक जागा तयार करावी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या नावाने आपले दुर्मीळ ग्रंथ खुले केले आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

दोन अडचणी आपले अधिकारी पुढे करतील, त्यांचे उत्तर आत्ताच देते. पहिली, हक्काची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो; फोटोला आणि निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे. नर्मद, दुर्गाराम, दादोबा, महीपतराम हे सगळे कधीच मोकळे झाले आहेत. अलीकडच्या कागदांसाठी मालकाची आणि हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी. दुसरी अडचण अधिक खरी आहे. चोपड्यात कर्ज लिहिलेले असते आणि कर्जदाराची पणतवंडे याच गल्लीत राहतात. पोस्टकार्डात घरगुती भांडण असते. तेव्हा मालकाने 'हे पान दाखवू नका' म्हटले तर ते पान ३० किंवा ५० वर्षे बंद ठेवण्याची सोय हवी, आणि कुणी आक्षेप घेतला तर ते लगेच उतरवण्याचीही.

आणि एक धोका मी स्वतःच सांगते. भारत सरकारच्या पाठिंब्याने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली, लाखो पुस्तके स्कॅन झाली, आणि काही वर्षांनी ते संकेतस्थळ बंद पडले. ती पुस्तके आज वाचता येतात ती त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या होत्या म्हणून. त्यामुळे सुरतेच्या कागदांची एक प्रत सुरतेत, एक बडोद्यात आणि एक पुण्यात किंवा मुंबईत ठेवावी. पुराच्या पातळीखालच्या खोलीतला एकच सर्व्हर हा त्या पायरीवरच्या चोपड्यांइतकाच असुरक्षित आहे. ठेकेदाराला पानांच्या संख्येवर पैसे देऊन मोकळे होऊ नये. तसे केले की पाने तिरकी निघतात, कडा कापल्या जातात आणि वर्णन कोणी लिहीत नाही. काम ग्रंथपालाच्या हाती द्या, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक त्याच्या हाताखाली द्या.

आपले कार्यालय ज्या इमारतीत आहे ती शाहजहानच्या काळात १६४४ मध्ये यात्रेकरूंसाठी बांधलेली सराई आहे. किल्ला आपण दुरुस्त केला, गोपी तलाव पुन्हा भरला. त्या कामांवर शहराने पैसा खर्च केला आणि लोकांनी त्याचे कौतुक केले. कागदांच्या या कामाला त्याच्या तुलनेत फारच थोडे लागेल.

आमच्या मराठी वाचकांनाही सांगते. पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी उघडा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे आणि वर्षे लिहा, ज्याला ती माहीत आहेत तो माणूस घरात आहे तोवर. आजी गात असेल तर मोबाइल पुढे धरा. आणि महापालिकेची माणसे दारात आली तर त्यांना चहा पाजा, पेटी दाखवा.

महोदय, येत्या अंदाजपत्रकात नर्मद मध्यस्थ ग्रंथालयाच्या नावे या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, दोन फिरते स्कॅनर घ्यावेत, गुजराती, मराठी आणि उर्दू जाणणारे तीन सहायक नेमावेत, आणि पहिले काम नदीकाठच्या सखल वस्त्यांत, पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी हाती घ्यावे, ही विनंती. मराठी कागदांची वर्णने लिहिण्याचे काम मी आणि माझ्याबरोबरच्या निवृत्त शिक्षिका विनामोबदला करू.

आपली,
उधना येथील एक निवृत्त मराठी शिक्षिका